वेशीवरचे हात

फोटो मीच काढले होते, म्हणून कॅमेऱ्याला बोल लावायची सोय नव्हती. आमच्या गावच्या वेशीचे सगळे फोटो पाठवले आणि प्रत्येकात वेशीपुढे आमची ही उभी. कमानीखाली ही, भेगेवर बोट ठेवून ही, कमानीलगतच्या देवडीत पर्स मांडीवर घेऊन बसलेली ही. लहान गावांतल्या जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीसाठी पुण्याची एक संस्था निधी देते असं कळलं होतं, त्या अर्जासोबत हे फोटो गेले. काही दिवसांनी तिथल्या मॅडमचा फोन आला. आवाज तरुण, फार नम्र. म्हणाल्या, "सर, वेस सुंदर आहे. पण बाईंना जरा बाजूला करून पुन्हा पाठवाल का?"

मी म्हणालो, उंचीचा अंदाज यावा म्हणून माणूस उभं केलं होतं. हे मला तेव्हाच सुचलं. खरी गोष्ट अशी की आमच्या घराण्यात नुसत्या दगडाचा फोटो कोणी काढलेलाच नाही. वेरूळला गेलो होतो तेव्हाच्या फोटोतसुद्धा आमची आत्या आहे आणि तिच्या खांद्यामागे थोडंसं कैलास लेणं आहे.

हिला सांगितलं तर म्हणाली, "दुरुस्ती वेशीची करायचीय का माझी?"

मी म्हणालो, "तुझ्या दुरुस्तीला कुठली संस्था पुरी पडेल?"

त्या दिवशी संध्याकाळचा चहा मी स्वतः केला.

मी लातूरला एका कॉलेजच्या कचेरीत हेडक्लार्क आहे. शिरूर अनंतपाळच्या अलीकडे आमचं गाव. गावाच्या मते मी 'मोठा साहेब', कारण मला अर्ज लिहिता येतो. माझ्या कॉलेजात माझ्याबद्दल असं काही कोणाचं मत नाही, पण ते गावात कळू न देण्याची खबरदारी मी आजवर घेतली आहे. तर गावच्या वेशीच्या कमानीतला एक दगड उसाच्या ट्रॉलीवर पडला. माणूस वाचला, ट्रॉलीचा पत्रा वाकला आणि 'धोकादायक बांधकाम दुरुस्त करा, नाहीतर पाडा' अशी वरून नोटीस आली. दुरुस्तीला पंचायतीकडे पैसा नव्हता. पाडायला जेसीबी मात्र गावातच होता.

गावातल्या बऱ्याच जणांना पाडलेली चालणार होती. ट्रॉल्या घासतात, ट्रॅव्हल्सची गाडी आत येत नाही, नवरदेवाची गाडी आरसे मिटून घ्यावी लागते. चालणार नव्हती ती माझ्या काकांना. त्यांचा फोन आला तेव्हा नेहमीची ख्यालीखुशालीही त्यांनी विचारली नाही.

"पाडायलेत रे वेस," म्हणाले. "काई तर कर. तुझं शिकल्यालं कामाला येऊ दे एकदा."

काकांचं वेशीशी काय होतं, ते सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

आमच्या गावची चाल अशी, की लेक सासरी निघाली की गाडी वेशीत थांबवायची. बायका वाटीत हळद आणि तेल कालवून आणतात. लेकीनं उजवा हात त्यात बुडवायचा आणि वेशीच्या आतल्या अंगाला, भिंतीवर उमटवायचा. मग गाडीत बसायचं. वरून कमान असल्यामुळे तिथं ऊन नाही, पाऊस नाही. हळद काही वर्षांत उडून जाते, पण तेल त्या काळ्या दगडात मुरतं आणि हाताचा गडद तपकिरी ठसा राहतो. पिढ्यान्‌पिढ्या असे हात उमटले. एकावर एक, बाजूला, खाली, कुठं कुठं नुसती बोटं. अनोळखी माणसाला ती कळकट भिंत वाटेल. आमच्या बायका मात्र जाता-येता बरोबर आपल्या लेकीच्या हाताकडं बघून पुढं जात.

काकांना एकच लेक. माझ्यापेक्षा थोडी मोठी, मी तिला आक्का म्हणायचो. तिचं लग्न झालं तेव्हा मी लातूरला शिकत होतो, लग्नाला गावी आलो होतो. वेशीत हात उमटवताना ती इतकी रडत होती की हात भिंतीवरून घसरला आणि ठसा खाली लांबत गेला, चार बोटांच्या चार तिरक्या रेघा. काकी स्वतः रडत होत्या, तरी म्हणाल्या, "अगं, हात उमटव म्हणलं, सारवाया न्हाई सांगितलं!" सगळे हसले. आक्कासुद्धा हसली. मला तिचं शेवटचं आठवतं ते हेच, नाक ओढत हसणारी.

तिकडं बिलोलीच्या बाजूला तिला दिलं होतं. पहिल्याच बाळंतपणात ती गेली, बाळही गेलं. तिकडंच सगळं उरकलं. आम्ही पोहोचलो तेव्हा राख होती. लग्नाचा अल्बम सासरी राहिला. जावयानं पुढं दुसरं लग्न केलं, आणि दुसरीच्या घरी पहिलीचा अल्बम मागायला कोण जाणार? घरात तिचा एक शाळेतला फोटो होता, तो काकीच्या उशाखाली राहून राहून पुसट झाला आणि काकी गेल्या तेव्हा त्यांच्याबरोबर ठेवला. राहिला तो भिंतीवरचा घसरलेला हात.

काकी गेल्यावर काका रोज वेशीत बसू लागले. कमानीच्या दोन्ही अंगांना पूर्वीच्या पहारेकऱ्यांच्या बसायच्या जागा आहेत, देवड्या. उजव्या देवडीत बसलं की आक्काचा हात बरोबर खांद्याशी येतो. काका तिथं बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची मस्करी करायचे, बिड्या मागायचे, राजकारण बोलायचे. लेकीचं नाव त्यांच्या तोंडून आम्ही कधी ऐकलं नाही. पण उठताना आधार म्हणून हात ठेवायचे तो तिथंच. भिंत तर सगळीकडं होती.

तर हिला वगळून मी फोटो पुन्हा पाठवले. अर्ज पुढं सरकला. मॅडम आणि त्यांचे दोन सहकारी पाहणीला येणार असं ठरलं. योगायोगानं त्याच आठवड्यात काकांच्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा होता, म्हणून मी त्यांना लातूरला घरी घेऊन आलो. ऑपरेशन चांगलं झालं. काळा चष्मा घालून काका आमच्या बाल्कनीत बसायचे आणि हिला म्हणायचे, "सूनबाई, तुमी एवढ्या गोऱ्या हायत, हे मला आजच कळालं बगा." ही त्यांना दुसऱ्यांदा शिरा वाढायची. मला एकदाही नाही.

इकडं सरपंचांचे फोन चालू होते. सरपंच तरुण, भला माणूस, काकांच्याच भावकीतला. "साहेब, पाव्हण्याला जेवायला काय करायचं? साहेब, माईक लागतो का? साहेब, शाली किती आणू?" मी सगळ्याला उत्तरं दिली. वेशीबद्दल त्यांनी काही विचारलं नाही, म्हणून मीही काही बोललो नाही. पुण्याची माणसं पडझड बघायला येतायत, हे सांगायची गोष्ट आहे असं मला वाटलंच नाही.

पाहणीच्या दिवशी मी, ही आणि काका सकाळीच निघालो. मॅडमची गाडी आमच्या मागोमाग पोहोचली. वळणावरून वेस दिसली आणि मला आधी वाटलं, गाव चुकलं.

वेस चमकत होती. सगळी वेस, वरपासून खालपर्यंत, ऑइलपेंटनं रंगवलेली. अंग गेरूच्या रंगाचं, कमानीला पांढरा पट्टा, पट्ट्याला निळी किनार. भेगा सिमेंटनं लिंपलेल्या. वर 'सुस्वागतम्', त्याच्या दोन्ही बाजूंना दोन कमळं. खाली रांगोळी. ढोलवाले तयार.

सरपंच धावत आले. "कसं काय वाटायलंय, साहेब? नवी नवरीच की! सगळं गाव लागलंय बगा कामाला. पोरं तर जेवलीबी न्हाईत."

मॅडम गाडीतून उतरल्या आणि उभ्याच राहिल्या. ढोल सुरू झाला. त्यांनी हातानं थांबवला. "हे कधी केलंत?"

"कालच झालं, मॅडम. तुमी येणार म्हणून. घर पडकं दाखवायचं का पाव्हण्याला?"

यात एकही खोटा शब्द नव्हता. आमच्याकडं मुलगी बघायला येणार असले तरी लोक पुढची भिंत सारवून घेतात. दारिद्र्य दाखवून मदत मागायची रीत आम्हाला ठाऊक नाही. पाहुण्यापुढं चांगलं दिसायचं आणि मग जे काय मागायचं ते हळू आवाजात मागायचं. मला तर क्षणभर हसूच येत होतं. मग लक्षात आलं, काका माझ्या शेजारी नाहीत.

ते उजव्या देवडीशी उभे होते. काळा चष्मा काढून हातात धरलेला. आतली भिंतही रंगवली होती, खालपासून वरपर्यंत, एकसारखी. नुकताच साफ झालेला डोळा त्यांनी भिंतीच्या अगदी जवळ नेला. मग हात फिरवला.

"लई गुळगुळीत झालं की रे," एवढंच म्हणाले.

सरपंचांना अजून कळलं नव्हतं. "काका, आतले तेलाचे डाग तर लई घासावे लागले. तीन हात मारल्यावर दबले बगा."

कालपासून स्वयंपाकात अडकलेल्या बायका आता मागं उभ्या होत्या, त्यांच्यातून एक म्हातारी पुढं आली. तिनं सरपंचांना आई-बापावरून सुरुवात केली. "डाग म्हनतोस? आमच्या लेकी होत्या रे त्या! तुझी बहीन कुठं हाय त्यात? सांग की, कुठं हाय?"

सरपंचांनी भिंतीकडं पाहिलं. त्यांच्या बहिणीचा हात कुठं होता, ते त्यांना माहीत असावं, कारण ते एकाच जागी बघत राहिले. मग गळ्यातलं उपरणं काढून त्यांनी तोंडावर धरलं. रंग कोणी लावला, असं विचारायला कोणी उरलं नाही. सगळ्यांनीच लावला होता.

मॅडमना हे सगळं समजावून सांगायला मला वेळ लागला. रांगोळीच्या कडेला, धुळीनं भरलेल्या पायरीवर बसून त्या ऐकत होत्या. जेवण सगळ्यांनी खाल्लं, कारण शिजवलं होतं.

काकांनी मात्र दोन दिवसांत स्वतःची समजूत काढली. मला फोनवर म्हणाले, "गेली कुठं? खालीच हाय की ती. वरून पांघरूण घातलंय म्हनायचं." आणि परत देवडीत बसू लागले. उठताना हात ठेवायचे तिथंच ठेवत. रंग पक्का होता, डाग पडत नव्हता.

माझा जीव भांड्यात पडला. त्या हातांचे फोटो आहेत का म्हणून मी मोबाइल धुंडाळला. आतल्या बाजूचे दोन होते. एकात भिंतीपुढं ही उभी, दुसऱ्यात नुसता अंधार.

पुढच्या महिन्यात मॅडमचा फोन आला. त्यांनी बरीच खटपट केली होती, हे त्यांच्या बोलण्यावरून कळत होतं. निधी मिळू शकेल, म्हणाल्या. पण आधी सिमेंट आणि ऑइलपेंट काढावा लागेल. रंगानं दगडाचा श्वास कोंडतो, आत ओल धरते, मग दुरुस्ती टिकत नाही. समितीची ती अट आहे.

"आणि खालचे हात?" मी विचारलं.

 "सर, रंग काढायला जो लेप लावतात, तो दगडातलं तेलसुद्धा ओढून घेतो. भिंत घासलीही आहे त्यांनी. मी दोन ठिकाणी विचारलं. वरचं काढायचं आणि खालचं ठेवायचं, असं करता येईल असं मला कोणीच सांगितलं नाही."

"आणि रंग तसाच ठेवला तर?"

"तर निधी नाही मिळणार."

मग जेसीबी, हे त्यांना माहीत नव्हतं, मला होतं.

सरपंचांनी काकांपुढं जायला साफ नकार दिला. म्हणाले, "साहेब, तुमी शिकलेले. तुमी सांगा." शिक्षणाचा उपयोग आमच्याकडं असल्या कामालाच होतो. मी रविवारी गेलो. रस्ताभर वाक्यं जुळवली. 'काका, एक तांत्रिक अडचण आहे,' अशी सुरुवात ठरवली होती. कचेरीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार?

काका देवडीत होते. मी शेजारी बसलो. ठरवलेलं एकही वाक्य आलं नाही. होतं तसं सांगितलं.

त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. "न्हाई काढला रंग तर वेस पाडनार."

"हो."

"आन् काढला तर ती जानार."

"हो काका."

"मंजे दोन्हीकडनं जानारच की रे ती."

 एक पोरगी सायकलवरून वेशीतून गेली, काकांना 'आजोबा' म्हणाली. काकांनी तिला हात केला. मग बराच वेळ समोरच्या देवडीकडं बघत बसले, तिथं एक कुत्रं झोपलं होतं.

"वेस ऱ्हाऊ दे मग," म्हणाले. "दुसऱ्याच्या लेकी हायत की. कुठनं जातील?" आणि माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "मधल्यामंदी मला इचारायला कामून पाठीवलं तुला? च्या घेतोस का?"

चहा घेतला. मी अर्धा कप तसाच खाली ठेवला. काका म्हणाले, "साखर कमी पडली का?"

रंग काढायच्या दिवसांत मी रजा घेऊन गेलो. ही पण आली. मॅडम स्वतः होत्या. कामगारांनी भिंतीला पांढरा घट्ट लेप लावला, वरून प्लास्टिक चिकटवलं, आणि दुसऱ्या दिवशी पत्र्याच्या उलथण्यासारख्या पट्टीनं तो ओरबाडून काढायला लागले. लेपाबरोबर निळा आला, गेरू आला. उजव्या देवडीजवळची भिंत मॅडमनी कोणाला करू दिली नाही. त्या स्वतः हातमोजे घालून बसल्या आणि काकांसाठी शेजारी खुर्ची मागवली. मध्येच कधी काही दिसेल, अशी त्यांची आशा असावी. मलाही होती. काका पुढं वाकून बघत होते, दोन्ही हात गुडघ्यांवर.

काही दिसलं नाही. लेप निघाला, आणि खाली नुसता दगड. ओला, काळा, स्वच्छ. कुठल्या तरी कारागिरानं टाकीचे घाव घातले होते तेवढे दिसले.

निघालेला लेप बादलीत पडत होता, चिखलासारखा. काकांनी वाकून बादलीत पाहिलं. त्यात निळा होता, लाल होता, आणि मध्ये मध्ये तेलकट तपकिरी.

"ह्याच्यात असंल न्हाई का ती?" त्यांनी मॅडमना विचारलं. अगदी सहज, दुकानात विचारावं तसं.

मॅडमनी हातमोजे काढले.  त्यांनी काकांच्या हातावर हात ठेवला आणि मान खाली घातली. लेपात औषधं असल्यामुळे बादल्या गावाबाहेर लांब नेऊन टाकायच्या होत्या. टेम्पोत त्या चढवल्या तेव्हा काका उठले, टेम्पोबरोबर कमानीच्या बाहेरच्या कडेपर्यंत चालत गेले आणि थांबले. टेम्पो दिसेनासा झाल्यावर परत येऊन कामगारांना म्हणाले, "हात धुवा रे लेकरांनो. जेवायचं झालंय."

वेस आता उभी आहे. चुन्यात बांधून काढली, निखळलेला दगड जागी बसला. खरोखर देखणी झाली आहे. बाहेरून माणसं बघायला येतात. संस्थेनं सांगितलं की दगडाला पुन्हा तेल लावू नका, म्हणून सरपंचांनी आत एक प्लायवुडची फळी टांगली आहे. हात तिच्यावर उमटवायचे. फळीशेजारी पाटी आहे, 'येथे हात लावू नये'. ही पाटी दगडासाठी आहे हे गावाला कळतं, पाहुण्यांना समजावून सांगावं लागतं. परवा सरपंचांच्या पुतणीचं लग्न झालं. तिनं फळीवर हात उमटवला, फळी हलली, ठसा जरा फिसकटला. बायका हसल्या. काकांनी तिला आशीर्वाद दिला, पाया पडताना उचलून धरलं.

आम्हीही त्या लग्नाला होतो. काका आता देवडीत बसत नाहीत. स्टँडवरच्या हॉटेलात बाकड्यावर बसतात, वेशीकडं पाठ करून. तिथं पंखा आहे, असं कारण सांगतात. निघताना आम्ही दोघं त्यांना तिथं भेटलो. काही तरी बोलावं म्हणून म्हणालो, "काका, काही म्हणा, वेस वाचली तुमच्यामुळं."

"हाव," काका म्हणाले. "वाचली." आणि हॉटेलवाल्याला ओरडले, "अरे, साहेबाला च्या दे की!"

परतीच्या वाटेवर ही खिडकीबाहेर बघत होती. औसा रोडचे दिवे दिसू लागले. गाडी घरापाशी लावून मी किल्ली काढली, तेव्हा म्हणाली, "पुढच्या रविवारी त्यांना घेऊन या. चार दिवस राहू द्या आपल्याकडं. आणि वेस वाचली असं त्यांच्यापुढं परत म्हणू नका."